विरजणाचा दगड

मत्स्यपेटी म्हटली की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम माशांवर जाते. ते स्वाभाविकच आहे. परंतु खाऱ्या पाण्याच्या पेटीत मासा हा पाहुणा असतो. घरधनी असतो तो दगड. पाणी शुद्ध राखणे, घाणीची विल्हेवाट लावणे, आल्यागेल्या जिवाला आसरा देणे ही सारी कामे तो मुकाट्याने करीत असतो. पेटी जितकी लहान, तितका या घरधन्याचा अधिकार मोठा. मोठ्या पेटीत एखादा दगड वाईट निघाला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात. वीस-बावीस लिटरांच्या पेटीत सांभाळून घेणारा दुसरा कोणी नसतो.

आमच्या धर्मग्रामातील काही घरांत अलीकडे अशा चिमुकल्या खाऱ्या पेट्या दिसू लागल्या आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर आवारात मुले आम्हांला गाठतात आणि विचारतात, “फादर, दगड कुठला घ्यायचा?” प्रश्न चार शब्दांचा आहे. उत्तर तेवढ्यात संपत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही काही सागरशास्त्रज्ञ नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावून ज्यांची बालपणे गेली, त्यांच्यापैकी आम्ही एक. ती हौस सेमिनरीच्या वर्षांत मागे पडली आणि पन्नाशीत पुन्हा उगवली. धर्मगुरुनिवासाच्या कचेरीत, नोंदवह्यांच्या कपाटाशेजारी आमची पेटी आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३० सेंटीमीटर. हिशेबाने ती २७ लिटरांची भरते; पण वाळू, दगड आणि वर मोकळी सोडलेली जागा वजा जाता पाणी उरते सुमारे २२ लिटर.

हौशी मंडळी ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात तो जिवंत खडक म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. तो दगड स्वतः जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे वादळात तुटतात, लाटांनी ढकलले जातात आणि प्रवाळखडकाच्या पायथ्याशी साचतात. हे सांगाडे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या शिंपल्या ज्या द्रव्याच्या बनतात त्याच द्रव्याचे. त्यांच्या अंगात असंख्य छिद्रे असतात आणि त्या छिद्रांत वस्ती होते. जिवाणू येतात, स्पंज येतात, केसाएवढे बारीक किडे येतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव येतात. वरून चुना साठवणाऱ्या शैवालाचा गुलाबी-जांभळा लेप चढतो. जिवंत आहे ती ही वस्ती. दगड म्हणजे तिची चाळ.

या चाळीत जे काम चालते ते मोठे शिस्तीचे आहे. माशाच्या उत्सर्गातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, तेही विषच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि ते पुष्कळच सौम्य असते. दगडाच्या अगदी आतल्या कप्प्यांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, तिसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली ‘नैसर्गिक पद्धत’ जगापुढे मांडली, ती याच बळावर. समुद्रातले दगड, जिवंत प्रवाळ आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांची पेटी चाले. पुढे १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी हीच वाट रुंद केली.

आता पारख कशी करावी ते सांगतो.

पहिली पारख हाताची. दगड उचलून पाहावा. आकाराच्या मानाने तो हलका लागला तर छिद्रे भरपूर आहेत असे समजावे. निबर व जड लागला तर आतली चाळ रिकामीच नव्हे, बांधलेलीच नाही. कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब सोडावा. तो चटकन आत मुरला तर दगड चांगला. याच कारणाने आपल्या किनाऱ्यावरचा काळा पाषाण या कामी फारसा उपयोगी पडत नाही. तो विषारी नसतो, पण त्याच्या पोटात जागा नसते. शिवाय त्यावर चिकटलेली कालवे गढूळ, अन्नाने भरलेल्या पाण्याला सरावलेली असतात. पेटीतल्या नितळ पाण्यात ती उपाशी मरतात आणि मरताना सारे पाणी नासवतात.

दुसरी पारख नाकाची. चांगल्या जिवंत खडकाला ओहोटीच्या किनाऱ्याचा ताजा वास येतो. कुजक्या अंड्यांचा वास आला तर आतले जीव मेले आहेत असे खुशाल समजावे. प्रवासात दगड पाण्याबाहेर राहतो, स्पंज मरतात आणि सडू लागतात. म्हणून असा दगड वेगळ्या टबात, खाऱ्या व हलत्या पाण्यात काही आठवडे ठेवून, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मुरवावा लागतो. अंगठ्याएवढा स्पंज चारशे लिटरांत सडला तर कदाचित कळणारही नाही. वीस लिटरांत तेच विष वीसपट दाट होते.

तिसरी पारख डोळ्यांची, आणि ती रात्री करावी. दगडासोबत न बोलावलेले पाहुणे येतात. काचेसारखी तपकिरी समुद्रफुले एकाची पन्नास होतात आणि शेजाऱ्यांना डंख करतात. झुंजार मँटिस कोळंबी बिळात लपते आणि रात्री टकटक आवाज करीत शिकार साधते. हिरव्या मण्यांसारखे शैवाल फुटले की त्याचे बी चहूकडे उधळते. केसाळ किडे मात्र बहुधा कामाचे असतात, ते उरलेले अन्न खातात. त्यांना उघड्या हाताने शिवू नये एवढेच. मोठ्या पेटीत अशा पाहुण्यांना टाळता येते. लहान पेटीत मँटिस कोळंबी शिरली की तिच्या वाट्याला आपली सगळी पेटी येते.

प्रमाणाचेही सांगितले पाहिजे. जुना ठोकताळा असा की एका लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम दगड घ्यावा. आमच्या पेटीला त्या हिशेबाने अडीच ते पाच किलो झाला असता. दगड सच्छिद्र असेल तर एवढ्याची गरज नसते. लहान पेटीत दगड पाण्याचीच जागा खातो, आणि पाणी हीच तेथली खरी संपत्ती. आम्ही दोन किलोंवर थांबलो. दगड वाळूवर ठेवू नयेत, तळाच्या काचेवर टेकवावेत आणि मग भोवती वाळू घालावी. नाहीतर बिळे करणारा एखादा प्राणी पाया उकरतो आणि कमान कोसळते. चारही बाजूंस काचेपासून दोन बोटांचे अंतर राखावे. पाणी दगडाच्या मागूनही फिरले पाहिजे.

हे सारे हाताने, नाकाने आणि डोळ्यांनी पारखायचे झाले. उरतो चौथा प्रश्न, आणि आमच्या मते तोच पहिला विचारावा. हा दगड आला कुठून?

आमच्या धर्मग्रामात अकरावीत शिकणारा एक मुलगा आहे. घर कोळीवाड्यातले, आजोबा जुने तांडेल. त्याने वर्षभर पैसे साठवून पेटी घेतली होती. एके दिवशी तो धावत आला. “फादर, मुंबईत एका दुकानात जिवंत दगड आलाय. तीन किलो घेतला तर दर कमी करून देतो म्हणाला.”

आम्ही विचारले, “अरे, कुठला आहे, विचारलंस का?”

“अंदमानचा. परवाच आलाय, एकदम ताजा.”

“आणि कागद?”

“कागद कसला, फादर?”

दुकानदाराने जे मालाचे भूषण म्हणून सांगितले, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता. २००१ साली केंद्र शासनाने खडक रचणारे सारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि त्यांचे काही सोयरे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. जिवंत प्रवाळ तोडणे तर दूरच, मेलेल्या प्रवाळाचा व्यापारही कायद्याला मान्य नाही. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, आपल्या मालवणचा किनारा, कुठलाही दगड त्यातून सुटत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे प्रवाळांच्या काही लहान वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० साली रीतसर परवानगी काढून त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जी परवानगी लागते, ती दुकानातल्या बादलीला नको असे कसे होईल?

परदेशांतही वारे बदलले आहेत. दगडी प्रवाळ आणि त्यांचा खडक ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतो; परवान्यावाचून तो देशांच्या सीमा ओलांडू शकत नाही. अनेक वर्षे जगाला असा खडक पुरविणाऱ्या फिजीने २०१७ च्या अखेरीपासून त्याची निर्यात थांबवली. अमेरिकेत फ्लोरिडालगतच्या समुद्रातून नैसर्गिक खडक काढणे १९९० च्या दशकातच बंद झाले. तेथील पाणबुड्यांनी मग निराळी युक्ती काढली. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडीचा दगड ते ठरवून दिलेल्या समुद्रतळावर पसरतात, त्यावर जीव वसू देतात आणि मग तोच आपला दगड वर काढतात.

मुलाने सारे ऐकून घेतले. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, “पण फादर, दगड तर समुद्रातून आधीच निघालाय. मी नाही घेतला तर दुसरं कोणीतरी घेणारच. मग माझ्या न घेण्याने समुद्राचं काय वाचलं?”

प्रश्न खोटा नव्हता. त्याला दटावून गप्प करणे सोपे होते, पण तसे करणे आम्हांला बरे वाटले नाही. आम्ही म्हणालो, “हा दगड काही परत जाणार नाही, हे खरं. पण दुकानदार पुढचा माल मागवताना मागचा किती खपला ते बघतो. तू त्या दगडाचे पैसे देत नाहीस, पुढच्या दगडाचे देतोस.”

तो घरी गेला. संध्याकाळी आजोबांना घेऊन परत आला. तांडेलकाका कचेरीच्या दारात उभे राहिले, पेटीकडे बघितले आणि म्हणाले, “फादर, या पोराला तुम्ही कायदा सांगितलात. मी त्याला एवढंच सांगितलं, की पाण्याखाली खडप आहे तिथं मासा आहे. आमची जाळी त्या खडपात फाटायची तेव्हा आम्ही शिव्या घालायचो. पण तो फोडला तर मासा राहील कुठं?”

तांडेलकाकांनी ज्याला खडप म्हटले त्याची किंमत मन्नारच्या आखाताने मोजली आहे. तेथे कित्येक वर्षे चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढला गेला. तेथील २१ बेटांपैकी दोन आता पाण्याखाली आहेत, आणि भोवतीचा खडक खणला गेला हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. लाटेचा जोर खडक झेलतो. खडक गेला की लाट सरळ वाळूवर येते. दर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याची सुरूची झाडे उन्मळताना पाहणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

मग त्या मुलाने करावे काय? आम्ही त्याला म्हणालो, “दगड आपण घरी करू.”

तिसऱ्या आणि कालवे आपल्या स्वयंपाकघरांत नवीन नाहीत. त्यांच्या शिंपल्या त्याच्या आईने दोन महिने साठवल्या, उकळल्या आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. त्याने त्या कुटून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे केले. दोन भाग तुकडे, एक भाग पांढरे सिमेंट आणि एक भाग जाडे मीठ, वर ओलाव्यापुरते पाणी. हातांत मोजे आणि तोंडावर फडके, कारण सिमेंट कातडीला व फुप्फुसांना बाधते. पसरट टोपलीत ओली वाळू भरून तिच्यात खळगे केले आणि हे मिश्रण दाबून न बसवता सैलसर ओतले. दोन दिवसांनी ओबडधोबड पांढरे दगड निघाले. ते गोड्या पाण्यात बुडवले की मीठ विरघळते आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. चाळीच्या खोल्या अशा तयार होतात.

पुढे खरी कसोटी असते धीराची. ताज्या सिमेंटमधून चुना झरत राहतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, भलताच वर जातो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ ते ८.३ असतो. दगड पिंपात ठेवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे लागते. सात आठवडे त्याने हे काम केले. बदललेल्या पाण्याचा सामू ८.५ च्या वर चढेनासा झाला तेव्हा दगड पेटीत गेले. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या मानाने समुद्री मीठ कालवले, उष्णता २६ अंशांवर ठेवली आणि पंप सुरू केला.

तांडेलकाका येऊन बघून गेले. त्यांचा शेरा असा की, “फादर, दगड चांगला आहे, पण मेलेला आहे.”

ते बरोबरच होते. दूध कितीही चांगले असले तरी आपणहून त्याचे दही चांगले लागत नाही. त्याला शेजारच्या घरचे चमचाभर विरजण लागते. आमच्या ओळखीचे मुंबईतले एक गृहस्थ चार वर्षांपासून अशीच पेटी सांभाळतात. त्यांचेही दगड बनवलेले, भाजलेल्या मातीचे. त्यांच्याकडून मुठीएवढा एक मुरलेला तुकडा आम्ही मागून घेतला. रात्री दिवा पाडून त्यावर तपकिरी समुद्रफूल नाही ना, हे आधी तपासले. मग त्यांच्याच पेटीतल्या पाण्याच्या डब्यात घालून, लोकलच्या गर्दीतून मांडीवर सांभाळीत तो आणला आणि मुलाच्या पांढऱ्या दगडांमध्ये ठेवला. जिवाणूंना अन्न म्हणून माशांच्या खाद्याची चिमूट टाकली. जिवंत प्राणी पेटीत एकही नाही.

मुलाने एक वही घातली. पहिल्या आठवड्यात अमोनियाच्या परीक्षानळीतला पिवळा रंग हिरवा झाला. तिसऱ्या आठवड्यात हिरवा ओसरू लागला आणि नायट्राइटची नळी गडद जांभळी दिसू लागली. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. मग पेटी कुरूप झाली. प्रथम दगडांवर तपकिरी धूळ बसली, मागोमाग हिरवे केसाळ शैवाल आले. नवा दगड घेणारे बहुतेक जण येथेच कंटाळतात आणि सारे उपसून टाकतात. हा काळ टळत नाही, तो फक्त सरतो. दोन शंख सोडले, दिव्याचे तास कमी केले, दर आठवड्याला दोन लिटर पाणी बदलले.

आठव्या महिन्यात एका पांढऱ्या दगडाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका दिसला. विरजणाच्या तुकड्यावरचे शैवाल पलीकडे गेले होते. काचेवर पांढरे कण धावू लागले. नीट पाहिले तर ते पाय असलेले जीव होते. एका रात्री तांडेलकाकांनी विजेरी मारली तेव्हा दगडाच्या भोकातून एक केसाळ किडा अर्धा बाहेर आला आणि झटकन आत गेला. ते कितीतरी वेळ खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “हा तर आपल्या खडपातला सोयरा. आता म्हणेन जिवंत.”

त्या पेटीत आज दोन शंख आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आहे. मासा अद्याप नाही. मुलाला त्याची घाई उरलेली दिसत नाही.

वाचकहो, आपल्या घरी अशी पेटी यायची असेल तर दगड हलका बघा, वास घ्या, रात्री विजेरीने तपासा. पण त्याआधी तो कुठून आला हे विचारा, आणि उत्तर ऐकून लाज वाटत असेल तर तो दुकानातच राहू द्या. घरी केलेल्या दगडाला आठ-दहा महिने लागतात हे खरे. समुद्रातल्या दगडालाही कोणीतरी तितकी, किंबहुना कितीतरी अधिक वर्षे दिलेली असतात. ती आपल्या डोळ्यांसमोर गेलेली नसतात, म्हणून तो स्वस्त वाटतो.

विरजणाचा तो तुकडा आता पुढच्या घरी जायचा आहे. आमच्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने पेटी घेतली आहे. त्यांचे दगड अजून व्हायचे आहेत. परवा त्यांच्या गल्लीतून जाताना गच्चीवरच्या चटईवर धुतलेल्या शिंपल्या पसरलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यावर बसू पाहणाऱ्या कावळ्यांना एक आजी काठीने हाकलीत होत्या.